ऋचाचं पोवळं

"…मग निळा उजेड जास्त असलेला दिवा घेऊ, की पांढरा?"

साखळकर सरांनी डोळे उघडले. जेवण होऊन ते नुकते आरामखुर्चीत कलंडले होते. भर दुपारी कुणाच्या दारात जाऊ नये, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही कळतं. पण देवस्थळींना सांगणार कोण? वीज खात्यातून मोठे साहेब होऊन निवृत्त झालेला माणूस!

"दिवा कशाला?" सर म्हणाले.

"पोवळं पांढरं पडत चाललंय, सर. उजेड कमी पडतोय त्याला. दुसरं काय असणार?"

सरांनी डोळे मिटले.

देवस्थळी थांबले. त्यांचेही डोळे चुरचुरत होते. अंग आंबून गेलं होतं. घरच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत आता एकच पोवळं जिवंत उरलं होतं. टाकी त्यांच्या लेकीची, ऋचाची. कॉलेजात सरांच्याच हाताखाली प्राणिशास्त्र शिकून पोरीने ती हौसेने मांडली होती. कॅनडाला जाताना विमानतळावर एवढंच म्हणाली, "बाबा, सांभाळशील ना?"

सांभाळशील ना म्हणे! इंजिनियर बापाने काय काय बसवलं नव्हतं? लाटा करणारा पंप आणला. पाणी गार ठेवणारं यंत्र आणलं. घाण फेसावाटे बाहेर काढणारं आणलं. दिवा तर बदलतच राहिले, दर वेळी आधीच्यापेक्षा मोठा. पोवळं मात्र दर वेळी आधीच्यापेक्षा फिकट. रोग रेड्याला नि औषध पखालीला. पण हे त्यांना तोंडावर म्हणायची छाती कुणाची?

"सर… झोपलात?"

"नाही."

"तुमच्या पोवळ्यांच्या टाकीवर तर तो जुनाट दिवा. एवढ्याशावर भागतं कसं?"

"भागतं."

"माझ्याकडे दिवसभर लख्ख उजेड असतो. तरी ही गत!"

सरांनी दमलेला श्वास सोडला. जन्मभर लोक त्यांना दिव्याचंच विचारत आले होते.

"आपोआप बंद होतो ना दिवा?"

"व्हायचा. मी ते काढून टाकलं. हातानेच लावतो."

"का?"

देवस्थळींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ऋचाचा फोन येतो. तिकडे दुपारची सुट्टी असते, इकडे मध्यरात्र. 'बाबा, पोवळं दाखव,' म्हणते. मग दाखवतो."

"रोज येतो फोन?"

"रोज कुठला… हल्ली तर नाहीच. पण आला तर अंधार नको, म्हणून लावूनच बसतो."

"आणि सकाळी?"

"सकाळी त्याच्या खुराकाचा उजेड! तो चुकवून कसं चालेल?"

सरांनी पुन्हा डोळे मिटले. मान एका बाजूला कलली.

"सर?"

…

"सर! मग किती वॅटचा घेऊ?"

सर दचकले. डोळे लाल झाले होते.

"देवस्थळी, आल्यापासून मला डोळा लागू दिलात का हो?"

"माफ करा. तुमची झोप…"

वाक्य तिथेच अडलं. देवस्थळींचा हात नकळत स्वतःच्या डोळ्यांवर गेला. मग तो तिथेच राहिला.

सर खुर्चीचा हात धरून कसेबसे उठले. एक खिडकी लावली. मग दुसरी. खोलीत काळोख झाला. पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

देवस्थळींना सरांचा चेहरा दिसत नव्हता. आपला त्यांना दिसत नाही, हेही बरंच झालं.

"मीच मारतोय त्याला," ते म्हणाले.

सर चाचपडत परत खुर्चीत बसले.

"आज रात्री टाकीचा दिवा बंद करतो. वेळेत. पण सर…" साहेबपण कुठल्या कुठे गेलं होतं. "दाखवायला काही नसलं, तर ती मला फोन कशाला करील?"

…

पंखा कुरकुरत होता. देवस्थळींना वाटलं, म्हाताऱ्याला अखेर झोप लागली. ते चपला चाचपडत दाराशी गेले, तेव्हा मागून आवाज आला.

"फोन आला की तिला अंधार दाखवा. बघू या, ठेवते का ती."