पिशवीचं म्हणणं

फार वर्षं झाली. गाडीमागे जोडायच्या एका फिरत्या घरात केर ओढायचं यंत्र भिंतीतच बसवलेलं होतं. मोटर, नळी आणि धूळ साठवणारी पिशवी अशा तिघी त्यात राहत.

एका मुक्कामी यंत्र केर ओढेना. मोटर गरजली, "मी जीव तोडून ओढतेय. ही नळीच कामचुकार!"

"मी मोकळी आहे, बघ हवं तर," नळी फणकारली. "तुझ्यातच दम उरला नाही."

पिशवी काहीतरी पुटपुटली, पण मोटरच्या घरघरीत ते विरून गेलं.

मालकीण इंदुमतीबाई वैतागल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हे धूड काढून टाका. तिथे चपलांचं कपाट करू." आणि त्यांनी बटण बंद केलं.

भीतीने मोटर गारच पडली. त्या शांततेत पिशवीचा आवाज आला, "अगं, मी गळ्यापर्यंत भरलेय!" बोलताना तिच्या तोंडून धुळीचा लोट उडाला आणि फटीतून थेट इंदुमतीबाईंच्या नाकात शिरला. सात शिंका देऊन त्यांनी झाकण उघडलं, तर पिशवी टम्म फुगलेली! त्यांनी ती लगेच रिकामी केली.

"आधी का नाही बोललीस?" मोटरने विचारलं.

"सकाळपासून बोलतेय," पिशवी म्हणाली. "तू आत्ता थांबलीस."