दिवसभरासाठी तहकूब

"अप्पा, मग माझ्यामागं हे सगळं बघणार कोण? तेवढं सांगा, मी आत्ता बाजूला होतो."

काशिनाथराव हंगरगे असं म्हणाले तेव्हा मी मठाच्या ओसरीला चुना देत होतो. शिडीवर होतो, त्यामुळं वरून सगळं दिसत होतं. ऐकू तर काय, त्यांचा आवाज शेजारच्या गावातही जातो.

आठ वेळा निवडून आलेला आमदार. पक्षाचा प्रदेशाध्यक्ष. मधली काही वर्षं विरोधी पक्षनेता. आमच्या तालुक्यात सोयरीक जुळवायची असो की डांबरी रस्ता आणायचा असो, "साहेबांच्या कानावर घातलं का?" हा पहिला सवाल.

अप्पा म्हणजे आमच्या मठाचे स्वामी. वय नव्वदीच्या घरात, दात गेलेले, नजर शाबूत. बोलणं इतकं कमी, की नव्या माणसाला वाटावं आपलं काहीतरी चुकलं.

आताही ते उन्हात पाय सोडून गप्प बसले होते.

"संध्याकाळपर्यंत मुंबईला नाव कळवायचंय," काशिनाथराव म्हणाले. "साऱ्या राज्याचे उमेदवार मी ठरवले. माझ्याच मतदारसंघाचं नाव राहिलंय. डॉक्टर म्हणतात, आता पुरे. लोक म्हणतात, साहेब, तुम्हीच."

"आणि व्यंकट काय म्हणतो?"

व्यंकट सुरवसे दाराशी उभा होता. साहेब आत असले की तो नेहमी दाराशीच. गेली तीस वर्षं साहेबांची निवडणूक म्हणजे व्यंकटची उरस्फोड. रुसलेल्यांची समजूत तो काढणार, मतदानाला म्हाताऱ्याकोताऱ्यांना तो आणणार, सभा संपली की सतरंज्या तो उचलणार. आणि दर खेपेला निकाल लागला की साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणणार, "पुढच्या वेळी तू." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा व्यंकटच्या मिशा काळ्याभोर होत्या. आता पांढऱ्या झाल्या.

"व्यंकट काय म्हणणार?" काशिनाथराव हसले. "तो माझ्या शब्दाबाहेर नाही."

"हं…"

"अप्पा, मी स्वतःचं कौतुक करत नाही…"

"करा की."

"…पण मी गेलो तर पोकळी निर्माण होईल. कधीही न भरून येणारी."

"हे कुठं शिकलात?"

काशिनाथराव जरा ओशाळले. "आमच्या सभागृहातलं वाक्य आहे. सदस्य वारला की शोकप्रस्ताव येतो. मुख्यमंत्री बोलतात, विरोधी पक्षनेता बोलतो, मग बाकीचे. शेवटी सगळे उभे राहून दोन मिनिटं शांत." मग त्यांना राहवेना. "आणि खरं सांगू? शोकप्रस्तावावर माझ्यासारखं कोणी बोलत नाही. ज्यांच्याशी जन्मभर भांडलो, त्यांच्यावर बोलताना त्यांच्याच बाकांवरची माणसं रडवलीत मी."

"मग आज एक होऊन जाऊ द्या."

"कुणावर?"

"काशिनाथराव हंगरग्यांवर."

माझा ब्रश जागच्या जागी थांबला. दाराशी व्यंकट "शिव शिव!" म्हणाला.

काशिनाथरावांचा चेहरा लाल झाला. "मी आशीर्वाद मागायला आलोय, अप्पा."

"तोही देतो. आधी भाषण."

वाटलं, आता हे उठून जाणार. उठले खरे. पण जायला नाही. खांद्यावरचं उपरणं सारखं केलं, घसा खाकरला आणि समोर अप्पा नसून सगळं सभागृह बसलंय अशी नजर फिरवली. सवय हो! हाडीमाशी खिळलेली.

"अध्यक्ष महोदय, आज या सभागृहाचे ज्येष्ठ सदस्य काशिनाथराव हंगरगे आपल्यात नाहीत. एका सालगड्याचा हा मुलगा. पहिली निवडणूक त्यांनी उसन्या सायकलवर लढवली. दुष्काळात टँकरमागं धावणाऱ्या बायकांचे रिकामे हंडे घेऊन ते याच सभागृहाच्या पायऱ्यांवर येऊन बसले, आणि कालव्याला मंजुरी मिळेपर्यंत हलले नाहीत. सरकार एका मतावर लटकलं होतं, त्या मताला मंत्रिपद मिळत होतं. हंगरगे गावी निघून गेले आणि ज्वारीला पाणी देत बसले. अध्यक्ष महोदय, त्यांनी सभात्याग पुष्कळ केले. पक्षत्याग एकदाही केला नाही."

काय बोलले हो! मी शिडीवर होतो म्हणून, नाहीतर टाळी वाजवली असती. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आम्हीच साक्षीदार.

मग आवाज खाली आला.

"त्यांच्या पत्नी कमलबाई गेल्या, तेव्हा ते सभागृहात बोलत होते. निरोप आला. त्यांनी… त्यांनी भाषण पूर्ण केलं. मग निघाले."

हे कोणी विचारलं नव्हतं. ते थांबले. उपरण्यानं तोंड पुसलं. पुढचं वाक्य कसंबसं उरकलं. "त्यांच्या जाण्यानं कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. मी त्यांना श्रद्धांजली वाहतो."

अप्पा उठायला लागले. गुडघे धरून, खांबाला हात लावून, हळूहळू उभे राहिले. आम्हीही उभेच. मी टोपी काढली. जिवंत माणूस समोर उभा, आणि त्याच्यासाठी आम्ही मान खाली घातलेली. असा प्रसंग माझ्यावर पुन्हा येऊ नये.

अप्पा खाली बसले.

"खरं बोललात. तुमच्याच कालव्याचं पाणी मठात येतं. रोज पितो मी." थोडं थांबून म्हणाले, "मग पुढं?"

"पुढं काय? सभागृह दिवसभरासाठी तहकूब."

"कोणीही गेलं तरी?"

काशिनाथराव घुटमळले. "नाही… विद्यमान सदस्य गेला तर. त्याच्या एकट्यावर प्रस्ताव, आणि मग दिवसभर कामकाज नाही. आमच्या सभागृहाची रीत आहे ती."

"आणि माजी?"

"माजी सदस्यांची नावं साठत जातात. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचा मिळून एकच प्रस्ताव. अध्यक्ष नावं वाचतात. तोवर निम्मी माणसं एकमेकांची खुशाली विचारत असतात. लगेच कामकाज सुरू."

"बरं."

"त्र्यंबकराव तोंडारे तुम्हाला आठवतात, अप्पा? मला राजकारणात आणलं त्यांनी. शेवटची काही वर्षं घरीच होते. त्या यादीत चौथं नाव होतं त्यांचं. अध्यक्षांनी आडनावही चुकीचं वाचलं. एकानंही उठून दुरुस्त केलं नाही."

"तुम्ही? तुम्ही होता ना तिथं?"

"मी शेजारच्याशी बोलत होतो." काशिनाथराव जमिनीकडं बघत म्हणाले. "नाव पुढं गेल्यावर ध्यानात आलं."

अप्पांनी पाय उन्हातून सावलीत घेतले.

"म्हणजे निवडून यायचं ते मरायला."

असं तोंडावर बोलणारा माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नाही. वाटलं, आता भडका उडतो. पण नाही. काशिनाथराव मटकन खाली बसले, पायरीवरच.

"हो," ते म्हणाले. "हो अप्पा. पोकळी, पक्ष, लोकांचा आग्रह… ते सगळं लोकांना सांगायला. मला चौथं नाव व्हायचं नाही. बस्स. झोप लागत नाही मला त्या चौथ्या नावानं."

अप्पांनी मान हलवली. रागानं नाही, मायेनंच. मग दाराकडं बघून हाक मारली.

"व्यंकट, आत ये. आता तू बोल."

"मी? मी काय बोलणार अप्पा? माझं काम माईक चालतो का ते बघायचं."

"मग बघ चालतो का."

व्यंकट आत आला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. साहेबांसमोर तो कधी बसला नव्हता, आणि बोलायला तर उभाही राहिला नव्हता.

"साहेब, खोटं बोलवणार नाही. मठ आहे हा." त्यानं हात जोडले. "मागल्या साली तुम्हाला दवाखान्यात ठेवलं होतं. मी बाहेर बाकड्यावर होतो. नवस बोललो तुमच्यासाठी. रडलोसुद्धा, शप्पथ. आणि त्याच बाकड्यावर… मनात आलं, साहेबांचं काही बरंवाईट झालं, तर पोटनिवडणूक लागेल."

त्यानं मान खाली घातली.

"आलं ते आलं, साहेब. माझीच मला किळस वाटली. तुम्ही बरे झालात, मी गावभर पेढे वाटले. आणि घरी जाऊन बायकोला म्हणालो, आता आणखी पाच वर्षं थांबायचं. माझी साठी आली, साहेब. मला दुसरा रस्ताच दिसत नव्हता."

काशिनाथराव ताडकन उठले.

"हरामखोरा! पोटच्या पोरासारखा वागवला तुला! तीस वर्षं अस्तनीत निखारा बाळगला मी! माझ्या मरणावर टपून बसलास? चालता हो. तोंड दाखवू नकोस परत!"

व्यंकट डोळे पुसत दाराकडं वळला.

"काशिनाथराव."

अप्पांचा आवाज चढला नव्हता, तरी दोघंही थांबले.

"त्यानं तुमच्या मरणाची वाट एकदा बघितली. तुम्ही रोज बघताय. मग रागावता कुणावर?"

ओसरीवरून एक मांजर निवांत चालत गेलं. काशिनाथराव त्या मांजराकडं बघत उभे राहिले. त्यांच्या तोंडून एक शब्द फुटेना, आणि हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

एवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. तेव्हा त्यांनी घेतला.

"हां, हंगरगेच बोलतोय… नाही, माझं नाही. घ्या लिहून." व्यंकटकडं न बघता ते एकेक शब्द बोलत होते. "उमेदवार व्यंकट…"

आणि अडले.

फोन छातीशी धरून त्यांनी व्यंकटकडं वळून पाहिलं. "तुझ्या वडलांचं नाव काय रे?"

तीस वर्षांत हे विचारायची वेळ आली नव्हती. तीनशे गावांतल्या पाटलांची नावं तोंडपाठ असलेला माणूस! विचारलं आणि त्यांचं त्यांनाच उमगलं. मान खाली गेली.

"ग्यानोबा," व्यंकट म्हणाला.

"व्यंकट ग्यानोबा सुरवसे," काशिनाथराव फोनमध्ये म्हणाले. मग आणखी एकदा, सावकाश. "सुरवसे. आडनाव नीट लिहा. चुकवू नका."

फोन ठेवला. व्यंकट पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला मध्येच दंडाला धरून उभं केलं. शिवी दिल्याची माफी मागितली नाही. पुढारी माणूस, ती सवय कुठून असणार? पण दंड सोडला नाही, हेही मी पाहिलं.

"झालो माजी," काही वेळानं ते म्हणाले. हसायला गेले, पण ओठ वाकडे झाले आणि डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा मनगटानं डोळे पुसत होता. "संपलो, अप्पा. सगळं संपलं. आता उद्या सकाळी उठून मी काय करू?"

अप्पा पुन्हा खांब धरून उठले. काशिनाथरावांनी आधाराला हात पुढं केला, तो त्यांनी घेतला.

"आमच्या मठात सुतक पाळत नाहीत, काशिनाथराव. चला, जेवून घ्या."