पहिलं नाव

गणिती भौतिकशास्त्राच्या एका संस्थेत जुनी रीत होती. शोधनिबंध कुणीही लिहो, पहिलं नाव संचालक मोघेसरांचं. जगभरचे संशोधक त्या निबंधांचे दाखले देत, दाखल्यांगणिक सरांचा मान वाढे, आणि तिथली संशोधक मंदाकिनी तुपे आपली मागे बसून गणितं सोडवत राही.

एकदा तिच्या निबंधात चूक निघाली आणि चौकशी बसली. नेमकं तेव्हाच सरांचं नाव मोठ्या पुरस्कारासाठी गेलेलं. समितीपुढे सरांनी हात झटकले. "अहो, माझं नाव आपलं रीत म्हणून असतं. मी तो निबंध वाचलेलासुद्धा नाही. तुपेबाईंना काढा नि मोकळे व्हा."

मंदाकिनीची नोकरी गेली की गणितही गेलं. तरी ती सावकाश उठली.

"चूक माझीच आहे, साहेब. फक्त सर आत्ता जे बोलले ते जसंच्या तसं लिहून घ्या, आणि पुरस्कारवाल्यांनाही कळवा. सरांचे बाकीचे निबंध याच रीतीने निघालेत. त्यांतले कोणते वाचले होते, ते सर सांगतीलच."

सर घटाघटा पाणी प्याले.

"तसा... चाळला होता मी," ते म्हणाले. "चूक दोघांची धरा. दुरुस्ती छापू."

नोकरी वाचली. दुरुस्ती मंदाकिनीनेच लिहिली, पहिलं नाव सरांचं पडलं. त्या दुरुस्तीचे दाखले मूळ निबंधापेक्षाही जास्त झाले. पुरस्काराच्या दिवशी तिला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं होतं, टाळ्या वाजवायला.