एका डहाळीची वाट

“पण नेमकं किती लांब, बुवा?”

विश्वंभरानं मठातल्या निरंजनबुवांना पुन्हा तेच विचारलं. डोंगरातून निरोप आला होता. त्याचा थोरला भाऊ, दादा, विश्वंभरानं कधी न पाहिलेल्या गावात शेवटच्या घटका मोजत होता.

निरोप घेऊन आलेल्या लहानूनं मठाच्या कुंपणालगतची टाकळ्याची डहाळी तोडून विश्वंभराच्या हातात दिली.

“एक डहाळी. हातात धरून चालायचं. ही मान टाकंल तवा गाव आलं.”

“अरे, ही काय रीत झाली? आमच्या देशावर कोस असतात!”

“आमच्यात हीच हाय.”

विश्वंभराचं डोकंच फिरलं. सगळ्या तालुक्याला मुहूर्त काढून देणारा माणूस तो, आणि त्याला हा पाला दाखवतो!

“तुझं वय काय रे?”

“दरड पडली तवा गुरं राखायचो.”

“ऐका! ह्याला स्वतःचं वय ठाऊक नाही, आणि हा मला अंतर सांगणार!”

निरंजनबुवा सुपारी कातरत होते.

“दादा दाराकडं बघत्यात,” लहानू म्हणाला. “इचारत्यात, विश्वंभर का नाही आला?”

“माझं नाव घेतो?... अरे, आमचं भांडण होऊन एक तप लोटलं!”

“दादा तर म्हणत्यात, परवाच रुसून गेला.”

विश्वंभर घाईघाईनं पंचांग काढून बसला. चौघडिया बघितला, तो पटेना. दिवस मावळायच्या आत पोचू का, याचा हिशेब मांडला, तो पुसला, पुन्हा मांडला. डहाळी मात्र मुठीत तशीच घट्ट.

लहानू ताटकळला. “मी होतो म्होरं,” म्हणाला, आणि निघूनही गेला.

ऊन पायरीवरून अंगणात उतरलं.

“बुवा, वाटेत अंधार पडला तर?”

...

“आणि पोचेपर्यंत तो गेला असला तर?”

...

“बोला ना हो! जीव नुसता टांगणीला लागलाय माझा.”

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. “विश्वंभर, भीती कसली वाटते तुला? अंधाराची?”

विश्वंभरानं पंचांग मिटलं.

“तो असला तर, बुवा... त्याला तोंड कसं दाखवू? म्हणून वाटतं, आधी नीट कळू दे. किती लांब, किती वेळ... एकदा कळलं की लगेच निघतो. तुमची शपथ!”

बुवा उठून जवळ आले. त्यांनी त्याची मूठ धरली आणि एकेक बोट हळूच सोडवलं.

डहाळी मलूल होऊन तळहातावर लोळत होती.

बुवांनी तिच्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे.

“गाव तर आलं... मग विश्वंभर का नाही आला?”