नाईकाच्या गुडघ्याची पट्टी

“…मग पाय तोडू का मुंडकं?”

धारोजी नाईकानं एवढं विचारलं आणि तलवार फकिराच्या चटईवर आडवी टाकली.

दारात त्याचेच दोन गडी मुसक्या बांधून बसवले होते. कंपनी सरकारशी झुंजताना, ऐन घाटात, दोघे पाठ दाखवून पळाले होते. उद्या गोऱ्यांची पलटण पुन्हा त्याच घाटानं वर येणार. मुलूख सोडवायचा तर घाट धरायलाच हवा. त्याआधी या दोघांची अशी गत करायची, की बाकीच्या दीडशेंचे पाय जमिनीत रुतले पाहिजेत, असा नाईकाचा बेत.

बुधनशा फकीर लसूण सोलत होता. यानंच धारोजीला लहानपणी तलवार धरायला शिकवलेलं. त्यानं ती उचलली, धार पाहिली आणि एक पाकळी चिरून बघितली.

“तलवार बरी आहे. गडी कसे आहेत?”

नाईकाची मिशी फुगली. त्यानं सांगितलं, की आपलं पागोटं डाव्या कानावर कललं की दीडशे पागोटी कलतात. आपण तंबाखू सोडली, साऱ्यांनी सोडली. तिसऱ्या दिवशी आपण परत धरली, तर साऱ्यांनी परत धरली. शब्दाला एवढा मान.

“आणि सगळ्यांच्या डाव्या गुडघ्याला ही पट्टी? घाटातले दगड एकाच उंचीचे आहेत का रे?”

नाईक हसला. पहिल्या चकमकीत तोफ वाजली, तेव्हा आपल्या गुडघ्याला गोळी चाटून गेली, म्हणाला. पट्टी बांधायला म्हणून आपण घोडं मागं फिरवलं. गड्यांनी पट्टी पाहिली आणि मर्दाची खूण म्हणून जो तो बांधत सुटला.

फकीर गुडघ्यावर हात टेकून उठला. बांधलेल्या दोघांत थोरला सुभान्या. त्याची पट्टी फकिरानं सोडली. आत गुडघा साफ. खरचटलंसुद्धा नव्हतं.

“का पळालास?”

“तोफ वाजली, बाबा. मी गुडघा धरला… आणि मागं फिरलो.”

सुभान्या नाईकाकडं बघत बोलला. पाठ केलेला धडा म्हणावा तसा.

बुधनशा वळला. “नाईक, आता तुझी सोड.”

“माझी कशाला?”

“जखम कशी असते, ते याला दाखवू.”

…

नाईकानं गाठीला हात घातला. बांधून बांधून गुडघा अलीकडं खराच ठणकायचा. त्यामुळं आत काय निघेल, हे आता त्याचं त्यालाही सांगता येईना. गाठ सुटेना. शेवटी दातानं सोडवली. मुसक्या बांधलेले दोघेही माना लांब करून बघू लागले.

गुडघा केळीच्या गाभ्यासारखा गुळगुळीत.

कुणी हसलं नाही. सुभान्यानं तर नजर खाली घातली, जणू चोरी त्याचीच पकडली होती.

नाईकानं तलवार उचलली. कशासाठी उचलली, ते हातात आल्यावरही त्याला उमगेना. तो सुभान्यापाशी गेला. उभा राहिला. मग वाकून त्यानं दोर कापला. दुसऱ्याचाही कापला. आणि कुणाकडं न बघता अंगणात निघाला.

दोन पावलं सवयीनं लंगडला. तिसरं सरळ पडलं.

अंगणात दीडशे गडी बसले होते. त्यांनी नाईकाचा उघडा गुडघा पाहिला. एकानं मुकाट्यानं आपली पट्टी सोडली. मग शेजारच्यानं. बघता बघता फडक्यांचा ढीग लागला.

नाईक तसाच उलट्या पावली आत आला.

“बाबा… मी तर अजून तोंड उघडलंच नाही.”

बुधनशा पुन्हा लसणाला बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

“म्हणून तर ऐकलं.”