नावं उसवलेला पट

ऐकणारे हो, आधी एवढं सांगा, भरवसा कोणावर ठेवावा? हातात शिक्का असलेल्यावर, की हातात सुई असलेल्यावर? मी चाळीस वर्षं बैलांवर माल लादून हिंडलो, तेव्हा कुठे मला उमगलं.

एका राज्यात पायाखाली जमीन नव्हतीच, सगळी दलदल. चावडीवर एक मोठा कापडी पट टांगलेला असे. त्यावर रस्त्याचा टाका घातला, की दलदलीतून तसाच रस्ता वर येई. टाका सैल पडला, की रस्ता खचे. म्हणून रीत अशी होती, की ज्याला खचलेली जागा दिसे, त्याने चिंधीवर नवा टाका घालून चावडीवर आणावा. जुने शिवणारे तो पारखत. पसंत पडला तर पटावर चढे, आणि शिवणाऱ्याचं नाव काठावर भरलं जाई. मजुरी कोणी मागत नसे. ज्याला चालायचं, तोच शिवी. माझाही तिथे एक टाका होता. जरा वाकडा, पण बैल बिनघोर चालत.

मग राजा सुकेतूने पटावर कारभारी नेमला, नरसोपंत. या गृहस्थाने पट नेऊन कोठीत कुलुपात ठेवला. लोकांनी आणलेल्या चिंध्या टोपलीत कोंबल्या. काठावरची नावं उसवली आणि तिथे राजमुद्रा भरली. रंभाबाई शिंपिणीने निम्मे रस्ते शिवले होते. ती विचारायला गेली.

"पंत, माझं नाव कुठे गेलं?"

"फुकट काम करणारीला नाव कशाला लागतं, बाई?"

आजही हे सांगताना माझं डोकं तापतं. दमडी द्यायची नाही ती नाहीच, वर नावही काढून घ्यायचं.

पट धरून ठेवला होता तो त्या नावांनीच. तिसऱ्या दिवशी रस्ते बुडाले. पंताची लेक नेमकी तेव्हाच बाळंतपणासाठी माहेरी निघाली होती. तिचा मेणा मध्येच एका उंचवट्यावर अडकला, आणि तो उंचवटा रोज वीतभर खाली जाऊ लागला.

पंताने स्वतः सुई धरली. टाका धरेना. तेव्हा खिडकीत एक सुगरण पक्षी येऊन बसला आणि बोलू लागला.

"कारभारी, तीन कामं कर. पट चावडीवर टांग. टोपलीतल्या प्रत्येक चिंधीला उत्तर दे, नकार असेल तर कारणासकट. आणि ज्याचं नाव त्याला परत कर."

"मग मी हुकूम कोणावर करू?"

"कोणावरच नाही. सुया-दोरा पुरव, भांडणं मिटव. टाके पारखणाऱ्यांना पारखू दे."

पहिलं काम घटकेत झालं. दुसऱ्याला दोन दिवस लागले. सेनापतीची चिंधी निघाली, रस्ता आपल्या आमराईतून न्यावा अशी. पारखणाऱ्यांनी माना हलवल्या. पंताने कळवलं, "नाही. वाट तिप्पट लांब होते." सेनापती रुसला. रुसून जेवला.

तिसऱ्या कामात मात्र पंताला घाम फुटला. नावांची यादी कोणी ठेवलीच नव्हती. उसवलेल्या दोऱ्यांची मूठ घेऊन, कोणता टाका कोणाचा हे विचारत पंत दारोदार फिरला. मीही त्याला उंबऱ्यावर ताटकळत ठेवलं, खोटं कशाला सांगू. शेवटी तो रंभाबाईकडे आला.

"रंभाबाई, तुमचे टाके कोणते?"

"आता आठवण झाली होय? लेक अडकली म्हणून?"

"हो. लेक अडकली म्हणूनच."

"खरं बोललात, म्हणून येते. पण नाव आधी, टाका मग."

पंताने वेड्यावाकड्या अक्षरांत तिचं नाव काठावर भरलं. मग तिने सुई ओवली. रस्ता वर आला, मेणा वेशीत पोचला, आणि राजाने आपली मुद्रा पटावरून उसवून घेतली.

पुढे आसपासच्या राज्यांतले कारभारी पंताकडे शिकायला येत. तो पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक टाका घालायला लावी आणि चारचौघांत नापसंत करी. मग कारण समजावून सांगे. ज्याला ते सोसवत नसे, तो परत जाई.

तुमच्याही ताब्यात कधी अनेकांच्या हातचं काम आलं, तर एवढं करा, बाबांनो. कोणता टाका कोणाचा, याचा हिशेब चोख ठेवा.