दोन अक्रोड

"डावा हात कशाला?"

देवरुखचे वैद्य भास्कर आठल्ये गरजले. तीस वर्षं लोकांच्या नाड्या पाहिलेला माणूस. पुरुषाची नाडी उजव्या हाताची पाहायची, हे त्यांच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक होतं.

समोर बसले होते चिनी नाडीवैद्य तांगगुरुजी. पंच्याऐंशीचं वय, अंगात ढगळ अंगरखा, मुठीत दोन अक्रोड. बोटं हलती राहावीत म्हणून ते दिवसभर अक्रोड फिरवत बसायचे.

"बाबा, इकडे दोन्ही हातांची बघतात," सुनीती म्हणाली. ती चीनमध्ये चेंगडूतच नोकरीला होती, चिनी सफाईनं बोलायची. वडिलांची बोटं बधिर होतात हे कळल्यावर तिनंच त्यांना हट्टानं बोलावून घेतलं होतं.

"आधी म्हणे जीभ दाखवा, आता डावा हात! जीभ दाखवायला मी काय बालवाडीत आहे?"

सुनीतीनं यातलं निम्मंच गुरुजींना सांगितलं.

"बोटांना किती कळतं?" गुरुजींनी विचारलं.

"थोड्या मुंग्या येतात. बाकी काही नाही."

हे साफ खोटं होतं. सहा महिन्यांपासून वैद्यांच्या बोटांना चहाचा गरम कपसुद्धा कळत नव्हता. दवाखान्यात मात्र रोज रांग लागायची, आणि वैद्य रोज मनगटं धरून निदान सांगायचे. त्यांना राग होता तो स्वतःचा. निघत होता भलत्यावर.

"याला नाडीतलं काय कळतं, विचार!" ते लेकीवर खेकसले.

सुनीतीनं हे गुरुजींना सांगायचं टाळलं. पण सूर कळायला भाषा कशाला लागते?

गुरुजींनी एक अक्रोड टेबलावर ठेवला. डावा हात अंगरख्यात घालून काख खाजवल्यासारखं केलं. मग उजवं मनगट वैद्यांपुढे धरलं.

"तुम्ही माझी बघा."

वैद्यांना चेवच आला. त्यांनी ऐटीत तीन बोटं टेकवली, डोळे मिटले...

बोटांना काहीच लागलं नाही. रोजच्यासारखंच.

"पित्त," वैद्य म्हणाले. "फार वाढलंय. झोप नीट नाही. आणि राग लवकर येतो तुम्हाला."

सुनीतीनं ते सांगितलं. गुरुजींनी तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि तिची बोटं त्याच मनगटावर ठेवली.

तिनं दाबून पाहिलं. जागा बदलून पुन्हा पाहिलं.

"बाबा... इथे नाडीच लागत नाहीये."

गुरुजींनी काखेत दाबून धरलेला अक्रोड काढला आणि टेबलावरच्या अक्रोडाशेजारी ठेवला. सुनीतीच्या बोटांखाली नाडी उडू लागली.

वैद्य ताडकन उठले. खुर्ची मागे कोसळली.

"काखेत अक्रोड दाबून नाडी बंद केली यानं! फसवणूक आहे ही! लबाड म्हातारा! सांग त्याला, शब्द न् शब्द सांग!"

या वेळी तिनं खरंच शब्द न् शब्द सांगितला.

"हो," गुरुजी म्हणाले. "फसवणूकच. पण एकाच माणसाची."

सुनीती वडिलांकडे वळली. आता तिचाही आवाज चढला होता.

"बाबा, दवाखान्यात रोज किती जण येतात?"

वैद्यांनी पडलेली खुर्ची उचलली. बसले.

"तीस... कधी चाळीस."

"आणि त्यांना काय सांगता?"

वैद्य टेबलावरच्या दोन अक्रोडांकडे बघू लागले.

"बाबा, मी विचारतेय!"

वैद्यांनी बाही वर सारली आणि डावा हात आपणहून पुढे केला.

गुरुजींनी तो हलकेच बाजूला केला.

"हात राहू द्या. जीभ दाखवा."